काळ्या पाण्यात जेलचे मणी: प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

विषय मंजूर झाला. मॅडमनी वहीच्या पहिल्या पानावर सही केली: 'कापड रंगाईच्या सांडपाण्यातला रंग काढण्यासाठी हायड्रोजेल.' एम.एस्सी.चं शेवटचं सत्र आहे, हातात जेमतेम साडेतीन महिने.

हा विषय मी का मागितला ते आजच लिहून ठेवते. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. इचलकरंजी ओलांडून नदी आमच्याकडे येते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. आजी ज्या दगडावर धुणं धुवायची, तिथं उन्हाळ्यात आता पाय बुडवायलाही नको वाटतं. सगळा दोष रंगाईचा नाही, गावोगावचं मैलापाणीही त्यात येतं. पण रंगाच्या बाबतीत मला थोडंफार कळतं, म्हणून तिथून सुरुवात.

हायड्रोजेल म्हणजे लांबलचक रेणूंची जाळी. ती पाण्यात विरघळत नाही, पण स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पोटात धरते. भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवती जो पारदर्शक थर येतो, त्याच जातीचा पदार्थ. चेकोस्लोव्हाकियात विख्टेर्ले आणि लीम यांनी १९६० मध्ये असं कृत्रिम जेल जगापुढे आणलं आणि त्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. आपल्याला डोळ्यात घालायचं नाही. जाळीवर विद्युतभार असलेले गट असतील तर विरुद्ध भाराचा रंग त्यांना चिकटतो. आपल्याला एवढंच हवंय.

१० जानेवारी

पहिले मणी. सोडियम अल्जिनेट २ टक्के, म्हणजे १०० मिलीमध्ये २ ग्रॅम. हे तपकिरी समुद्रशेवाळातून काढतात. पूड एकदम टाकली तर गुठळ्या होतात. पिठल्यासारखं, ढवळत ढवळत चिमटीनं सोडावं लागतं. नीट विरघळायला चार तास गेले. मग सिरिंजनं थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडले. थेंब आत पडताक्षणी गोल होऊन घट्ट होतो. कॅल्शियमचे दोन धनभार शेजारच्या दोन साखळ्यांना बांधतात, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसा कॅल्शियम त्या साखळ्यांच्या खाचांत बसतो. रात्रभर तसेच ठेवले, सकाळी डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा धुतले. भिजलेल्या साबुदाण्यापेक्षा किंचित पांढुरके. बराच वेळ बघत बसले.

१५ जानेवारी

मिथिलिन ब्लू. ५० मिली पाणी, दर लिटरला २० मिलिग्रॅम रंग, त्यात ५ ग्रॅम ओले मणी (कोरडं वजन धरलं तर ०.१ ग्रॅम). दोन तास शेकरवर. पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीला वाचन घेतलं. पातळ न करता घेतलं तर यंत्राची सरळ रेषा सुटते, म्हणून सगळे नमुने पातळ केले. शिल्लक रंग १.६ मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे ९२ टक्के गेला. मणी जांभळासारखे झाले आणि वरचं पाणी जवळजवळ निवळ.

फोटो काढून घरी पाठवला. मामांचा लगेच फोन: "हा निळा कुठला गं? आमच्याकडं हा कुणी वापरत न्हाई." मामा एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड धुऊन-रंगवणाऱ्या कारखान्यात, जिगरवर (कापड रंगवायच्या यंत्रावर) बावीस वर्षं आहेत.

१८ जानेवारी

मॅडमनाही तोच प्रश्न विचारला. मिथिलिन ब्लू धनभारित, अल्जिनेटवरचे कार्बोक्सिल गट ऋणभारित, ते एकमेकांना धरणारच. म्हणूनच शिकाऊ प्रयोगांत हाच रंग घेतात. १८७६ मध्ये जर्मनीत हाइनरिख कारो यांनी तो पहिल्यांदा बनवला, आज तो सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवायला आणि औषध म्हणून चालतो. पण इचलकरंजी सुती कापडाचं गाव. इथं पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसवला, आणि तेव्हापासून इथली गटारं कापसामागून चालत आलीत. कापसावर कोणता रंग बसवतात, हे मी आधी विचारायला हवं होतं.

२२ जानेवारी

मामांबरोबर प्रोसेस हाऊस पाहिलं. मालकांनी नाव कुठेही न लिहिण्याच्या अटीवर येऊ दिलं. आधी एका ठिकाणी फाटकावरूनच परत फिरवलं होतं, त्यामुळे यांचे आभार मानते.

सुतासाठी रिॲक्टिव्ह रंग. १९५६ मध्ये ब्रिटनच्या आयसीआयनं ते बाजारात आणले. रंगाच्या रेणूला एक असा हात असतो की तो सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून कापड कितीही धुतलं तरी रंग जात नाही. मामांनी क्रम सांगितला: आधी पाण्यात रंग, मग मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट, आणि कापडानं रंग ओढला की धुण्याचा सोडा. "मिठाबिगर रंग कापडाकडं जातच न्हाई, आन् सोड्याबिगर धरत न्हाई."

त्यांच्या या एका वाक्यात माझ्या प्रकल्पाची सगळी अडचण आहे. कापूस पाण्यात किंचित ऋणभारित, रंगही ऋणभारित. मीठ त्यांच्यातलं दुरावलेपण झाकतं, म्हणून लिटरला ५०-६० ग्रॅम मीठ घालावं लागतं. सोड्यानं पीएच ११ च्या आसपास जातो, तेव्हा बंध जुळतो. पण त्याच वेळी काही रंग कापडाऐवजी पाण्याशीच जुळतो. त्याचा हात कायमचा गुंतला, आता तो कापडाला कधीच धरणार नाही. तोच सोपिंगच्या, म्हणजे रंगाईनंतरच्या साबणधुण्याच्या, गरम पाण्यात निघून गटारात येतो. म्हणजे मला पकडायचाय तो पुडीतला रंग नव्हेच, त्याचं हे निकामी झालेलं रूप आहे, आणि तेही मीठ-सोड्याच्या पाण्यात.

रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ ची छोटी पुडी मिळाली. नाव काळा, पातळ केला की गडद निळा दिसतो.

२७ जानेवारी

ब्लॅक ५ सोड्याच्या पाण्यात ८० अंशांवर दोन तास तापवला, गार करून पीएच ७ वर आणला. आता तो गटारातल्या रंगासारखा झाला. बाजारच्या पुडीत रंगाबरोबर मीठही मिसळलेलं असतं, म्हणून 'इतके मिलिग्रॅम शुद्ध रंग' असं लिहिणार नाही, ५९७ नॅनोमीटरच्या वाचनाची तुलना करणार. पुडीच्या वजनाप्रमाणे लिटरला ५० मिलिग्रॅम घेतले. अल्जिनेटचे तेवढेच ५ ग्रॅम ताजे ओले मणी. दोन तासांनी वाचन ८ टक्क्यांनी कमी.

कमी, पण शून्य नाही. थोडी आशा वाटली.

२८ जानेवारी

ती आशा गेली. रात्री हिशेब केला. ५ ग्रॅम ओल्या मण्यांत जवळपास ४.९ मिली पाणीच आहे. ५० मिलीचे ५४.९ मिली झाले तर कुठलाही रंग न चिकटताच वाचन ९ टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. म्हणजे मण्यांनी रंग घेतलाच नाही, फक्त पाणी दिलं. मणी चिरून पाहिले, आतून पांढरेच.

जुन्या निळ्या प्रयोगालाही हीच दुरुस्ती लावली. तिथं ९२ चे ९१ झाले. रंग खरोखर चिकटत असेल तिथं ही चूक लपून जाते, चिकटत नसेल तिथं तीच सगळा आकडा बनते. यापुढे प्रत्येक नोंदीत मण्यांतलं पाणी धरूनच हिशेब. टक्क्यांबरोबर दर ग्रॅम कोरड्या जेलमागे किती रंग गेला तेही लिहायचं, कारण मणी दुप्पट टाकले की टक्का वाढतो आणि जेल मात्र तेच असतं.

१ फेब्रुवारी

छपाई विभागातल्या मास्टरांना अल्जिनेटची बाटली दाखवली. त्यांनी बोटांवर चोळून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हा तर आपला छपाईचा गम!" रिॲक्टिव्ह रंगाची छपाईची पेस्ट दाट करायला हाच वापरतात. का, तर रंग याला चिकटत नाही, सरळ कापडावर जातो. स्टार्चची पेस्ट घेतली तर रंग तिलाच धरतो आणि कापड कडक होतं.

मी ज्या रंगाला पकडायला निघाले होते, त्याला न पकडण्यासाठीच हा पदार्थ या धंद्यात निवडला गेलाय. हे ज्ञान माझ्या घरापासून बारा-पंधरा किलोमीटरवर रोज वापरात होतं आणि मी ते शोधत होते ग्रंथालयात.

३ फेब्रुवारी

तरीही एक प्रयोग पूर्ण करायचा म्हणून खऱ्या पाण्यात अल्जिनेट टाकलं. सांडपाण्याच्या इक्वलायझेशन टाकीतून (सगळं सांडपाणी जिथं एकत्र होतं ती टाकी) ५ लिटरचा कॅन भरून आणला होता. पीएच १०.६. रंग गडद, लालसर काळा. वास ओल्या सुताचा आणि साबणाचा.

संध्याकाळी मणी फुगून दुप्पट झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मणी नव्हतेच, बीकरमध्ये बुळबुळीत पाणी आणि तळाशी पांढरट साका. सोड्यातल्या कार्बोनेटनं कॅल्शियम ओढून त्याची चुनखडी केली, आणि भरपूर सोडियमनं साखळ्या पुन्हा सुट्या केल्या. स्वच्छ पाण्यात तीन आठवडे टिकलेला मणी इथं एक रात्र टिकला नाही.

७ फेब्रुवारी

कायटोसान. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून ते बनतं. त्यावर अमाइन गट असतात आणि आम्लात ते धनभारित होतात. पीएच साधारण साडेसहाच्या खाली गेला की भार वाढत जातो. ऋणभारित रंगाला हेच हवं. २ ग्रॅम कायटोसान १०० मिली सौम्य ॲसेटिक आम्लात, रात्रभर ढवळत. सकाळी मधासारखं दाट, त्यात हवेचे बुडबुडे. बुडबुडे जाईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर मणी तरंगतात. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात थेंब सोडले. धुणं मात्र फार: पीएच सातावर यायला अकरा वेळा पाणी बदललं.

१३ फेब्रुवारी

पीएच ५, तापवलेला ब्लॅक ५, डिस्टिल्ड वॉटर. चार तासांत ९४ टक्के. मणी कोळशासारखे काळे. पहिल्या अर्ध्या तासात बराचसा रंग जातो, मग वेग मंदावतो. मणी मध्ये चिरला तर काळं कवच आणि आत फिकट गाभा. म्हणजे रंगाला आत शिरायला वेळ लागतो, मोठा मणी अर्धा वाया. सिरिंजची सुई बारीक केली.

पीएच ४ ला आणखी चांगलं जाईल म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लानं खाली आणला. मणी कडेनं विरघळले. जिथं रंग उत्तम धरतो तिथंच जेल टिकत नाही.

१८ फेब्रुवारी

यावर सगळीकडे सांगितलेला उपाय म्हणजे ग्लुटाराल्डिहाइडनं साखळ्या एकमेकींना बांधायच्या. ते विषारी आहे, शिवाय ज्या अमाइन गटांनी रंग धरायचा तेच बांधण्यात खर्ची पडतात. मॅडम म्हणाल्या, "नदीसाठी काम करतोय ना आपण? मग आधी दुसरा मार्ग शोध."

मार्ग पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत सापडला. कायटोसान ॲसेटिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतं, सौम्य गंधकाम्लात मात्र नाही. सल्फेटचे दोन ऋणभार दोन साखळ्यांना धरतात. म्हणजे अल्जिनेटमध्ये कॅल्शियम करतो तेच इथं उलट्या भारानं. आणि ग्लॉबर सॉल्ट म्हणजे सोडियम सल्फेटच! जे मीठ सांडपाण्यात आधीपासून आहे तेच मण्याला बांधून ठेवेल.

२५ फेब्रुवारी

पीएच ४.५, गंधकाम्लानं आणलेला. मणी तीन दिवस शाबूत. किंचित आकसले, बोटात दाबले तर आधीपेक्षा टणक लागतात. या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त आनंद आज झाला.

४ मार्च

मिठाचा प्रयोग. मला भीती होती तेच झालं. तेवढेच मणी, तोच रंग, पण लिटरला ४० ग्रॅम सोडियम सल्फेट. ९४ चे ६१ टक्के. सल्फेट मण्याला टिकवतं, पण रंगाच्या जागांवर स्वतःही बसतं. १० ग्रॅमला ८० टक्के. म्हणजे घट्ट रंगाईच्या पहिल्या पाण्यापेक्षा नंतरच्या धुण्याच्या पाण्यात जेल जास्त उपयोगी. मीठ पहिल्या बाथमध्येच सगळ्यात जास्त असतं, सोपिंगपर्यंत ते उतरलेलं असतं. ही दोन पाणी एकाच टाकीत मिसळायची नाहीत, वेगळी ठेवायची. मामांना विचारलं. ते म्हणाले, "पाइप येगळा टाकला की झालं, पर ते मालकाला सांगणार कोण?"

पृष्ठभागावर किती रंग चिकटेल ते सांगणारं लँगम्युअरचं १९१८ चं समीकरण आकड्यांवर छान बसलं. मॅडमनी बजावलं की रेषा छान बसली म्हणजे मण्यावर एकच थर आहे हे सिद्ध होत नाही. अहवालात तेवढंच लिहायचं.

११ मार्च

खरं पाणी, सोपिंगनंतरचं, दुसरा कॅन. यात एक रंग नाही, म्हणून एकच तरंगलांबी चालत नाही. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून ४३६, ५२५ आणि ६२० नॅनोमीटर अशा तीन ठिकाणी वाचन.

आम्ल अपेक्षेपेक्षा बरंच जास्त लागलं, सोड्यामुळे फेस वर आला. पीएच ५ ला सहा तास. ६२० ला ७४ टक्के घट, ५२५ ला ६८, ४३६ ला फक्त ४१. निळे-काळे रंग गेले, पिवळा मागे राहिला. पाणी काळ्या चहाचं फिक्या चहासारखं झालं. कापड उद्योगासाठी २०१६ च्या नियमांत रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक आहे. ते एकक नेमकं पिवळसर छटेवर मोजतात, म्हणून ४३६ चा आकडा सुधारला नाही तर बाकीच्या दोन्हींचा उपयोग नाही. मणी दीडपट केले तेव्हा ४३६ ला ५५ टक्के.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम आहे. माझं जेल मीठ काढत नाही. उलट मी आम्ल घालून सल्फेट वाढवतेय.

१९ मार्च

रंगपंचमी, सुट्टी. गावी गेले. घाटावर गेले, पाणी कमी आहे.

२४ मार्च

काचेच्या नळीत मणी भरून वरून पाणी सोडलं. वीस मिनिटांत प्रवाह बंद. मणी मऊ, वरच्यांच्या वजनानं खालचे चपटे होऊन एकमेकांत बसले. अशा कॉलमची चित्रं बघायला छान वाटतात. प्रत्यक्षात उंची आठ सेंटीमीटरच्या वर नेता येत नाही. वाळू मिसळून पाहिली, थोडं बरं झालं, पण नंतर मणी वेगळे करायला अर्धा दिवस गेला.

२ एप्रिल

पाडव्याला आई मसाल्याची पुरचुंडी करून आमटीत सोडत होती. तीच युक्ती. पहिली पुरचुंडी घरातल्या सुती कापडाची केली, आणि रिकाम्या पुरचुंडीनंही रंग घेतला! सुताला रंग लागणारच, मणी नसलेली पुरचुंडी शेजारच्या बीकरमध्ये ठेवली होती म्हणून कळलं. मग जुन्या पॉलिएस्टरच्या मच्छरदाणीची केली. रिकामी ठेवली तर वाचनात फरक नाही. बादलीत अशा सहा पुरचुंड्या, वरून हळू ढवळणारी मोटर. काढायला सोप्या, मणी हरवत नाहीत, दबत नाहीत.

९ एप्रिल

मणी पुन्हा वापरता येतात का? ०.१ मोलर कॉस्टिकमध्ये बुडवले की अमाइनचा भार जातो आणि रंग सुटतो. पहिल्या वेळी जवळजवळ सगळा सुटला. पाच फेऱ्या केल्या: पाचव्या फेरीला मणी पहिल्याच्या पाऊणपट रंग घेतात. थोडे फुटतात, आणि काही रंग सुटतच नाही.

५ लिटर पाण्यातला रंग आता पाव लिटर कॉस्टिकमध्ये आहे, शाईसारखा. तो नाहीसा झालेला नाही. जेलनं त्याची जागा बदलली. हे पाव लिटर कुठं ओतायचं याचं उत्तर नसेल तर मी फक्त गटार छोटं केलं.

१५ एप्रिल

पाव लिटरवर फेंटन अभिक्रिया, म्हणजे लोखंड आणि पेरॉक्साइडनं रंगाचे रेणू तोडणं. पीएच ३, फेरस सल्फेट, हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं. दहा-बारा मिनिटांत शाई फिकट पिवळी. ॲझो बंध (ज्यामुळे रेणूला रंग येतो तो नायट्रोजनचा दुवा) तुटला की रंग जातो, पण तुकडे पाण्यात राहतात. रंग गेला म्हणजे सेंद्रिय पदार्थ गेला असं नाही, म्हणून सीओडी (सेंद्रिय पदार्थ जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) बघितला. पहिलं वाचन आधीपेक्षा जास्त आलं! उरलेलं पेरॉक्साइड चाचणीतल्या डायक्रोमेटशी लागत होतं. चुन्यानं पीएच वाढवून रात्रभर ठेवलं, पेरॉक्साइड गेलं, लोखंडाचा गंजासारखा गाळ बसला. मग वाचन निम्म्याच्या थोडं खाली. थेट ५ लिटरवर फेंटन केला असता तर आम्ल, लोखंड आणि गाळ सगळंच कितीतरी जास्त लागलं असतं. जेलचं खरं काम मला इथं दिसतं: रंग एकवटून देणं.

२१ एप्रिल

अहवाल जमा केला. शीर्षक बदललं: 'हायड्रोजेल' या शब्दाआधी 'सोपिंगनंतरच्या पाण्यासाठी' घातलं. निळ्या पाण्याचा सुंदर फोटो काढून टाकला, त्या जागी चिरलेल्या मण्याचा ठेवला. वापरलेले मणी ओव्हनमध्ये वाळवले. अर्ध्या किलोच्या बरणीच्या तळाशी चिमूटभर काळे दाणे दिसतात, त्यावर तारीख आणि 'रंगयुक्त, कचऱ्यात टाकू नये' अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवले.

संध्याकाळी मामांचा फोन आला. सोपिंगचा पाइप वेगळा काढायला किती फूट लागेल ते त्यांनी पावलांनी मोजलंय. चाळीस फूट. मालकांना शुक्रवारी भेटायचं ठरलंय, आणि मी पुरचुंड्यांची बादली घेऊन यायचं.